ठकूआक्काचा दगड

फार वर्षांपूर्वी, पाऊस कोरंबीच्या सड्याची, त्या उघड्या कातळपठाराची, वाट विसरला होता, तेव्हाची ही गोष्ट. मेंढरं मेली, दाणे संपले आणि सड्यावरचे धनगर सरडे भाजून खाऊ लागले.

त्यांत ठकू होती आणि तिचा धाकटा भाऊ म्हाळू. पळता सरडाही ठकूच्या नजरेतून सुटत नसे, असं म्हणतात. नराच्या गळ्याला पंखा असतो. तो फुलला की निळा, काळा, नारिंगी झळकतो. मादी मातीच्या रंगाची, पाठीवर शंकरपाळ्यांची ओळ. ठकू सगळ्यांना बजावायची, "नर खावा. मादी खाल्ली, तर उद्या सडाच आपल्याला खाईल."

"भुकेला नर-मादी कळतं व्हय गं ठके?" लोक हसायचे, पण ऐकायचे.

मग ठकू तापाने पडली. ती स्वतःच्या वाट्याचं सगळं त्यालाच भरवत होती, हे म्हाळूला तेव्हा कळलं. तो तसाच पळत सुटला. आभाळ भरलेलं. उन्हाशिवाय नर पंखा फुलवेना. नर उंच दगडावर बसतो, एवढंच म्हाळूला ठाऊक. दगडावर एक दिसला. त्याने झडप घातली आणि जिवंतच मुठीत घेऊन आला.

"आक्का, ऊठ! नर आणलाय."

ठकूने कष्टाने डोळे उघडले.

"येड्या, दगड काय बघतोस? पाठ बघ. पोटुशी हाय ती. सोड."

"न्हाई सोडणार! तू मरशील!"

"मी खाणार न्हाई, म्हाळ्या. सोड, बाळा."

चुलीत निखारे होते. म्हाळूने मूठ आवळली. मुठीत तो इवला जीव धडधडत होता, आणि समोर आक्काचा श्वास अडकत होता. तो रडला, ओरडला. शेवटी त्याने बोटं उघडली.

ऊन पडलं तेव्हा ठकू गेली होती. ज्या दगडावर ती मादी सापडली होती, त्याच्याच पायथ्याशी म्हाळूने आक्काला पुरलं.

पुढच्या साली पाऊस आला, पिकं डोलली आणि मागोमाग टोळधाड आली. दिवसाढवळ्या अंधारलं. म्हाळू गोफण घेऊन ठकूच्या दगडापाशी एकटाच उभा राहिला. तेवढ्यात कपारी-कपारीतून सरडे निघाले. ऊन नसतानाही नरांनी पंखे फुलवले आणि अख्खा सडा निळा-नारिंगी पेटला. उतरलेले टोळ सरड्यांनी असे टिपले की ते पुन्हा उठलेच नाहीत, असं म्हणतात. आणि सगळ्यांच्या पुढे, ठकूच्या दगडावर, एक बिनरंगी मादी बसली होती.

आजही कोरंबीची पोरं सरडा दिसला की आधी पाठ बघतात. शंकरपाळ्या दिसल्या की वाट सोडून उभी राहतात आणि म्हाळू म्हणायचा तसंच म्हणतात, "जा आक्का, जा. सोडली."