मंजुळाची तीन काकणं

निळ्या निळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक इवलंसं घर होतं. घरात दोघीच, आई आणि नऊ वर्षांची मंजुळा. आई कासारीण. आठवड्याच्या बाजारात चिंचेच्या झाडाखाली तिची पथारी असायची. पथारीवर लाल, हिरव्या, जांभळ्या बांगड्यांची नुसती झगमग! ऊन पडलं की चिंचेची पानंसुद्धा रंगीत व्हायची.

पण यंदा आईला मोठा ताप आला. ताप गेला तो आईचा आवाज घेऊनच गेला. आईचे ओठ हलायचे, शब्द काही फुटायचा नाही. उठून बसायचंही त्राण नव्हतं. मग काय, बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन मंजुळाच निघाली बाजाराला.

पोर गुणी होती हो! घरात एकच भाकरी असली की ती आईला भरवायची आणि "मी केव्हाच जेवले" असं खुशाल सांगायची. एकच खोड होती. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. "बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकतात," असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. गिऱ्हाईक दिसलं की ही अशी सुटायची, की बिचारं गिऱ्हाईक तोंड न उघडताच पुढच्या पथारीवर पळायचं.

घरी तरी काय वेगळं? संध्याकाळी आई हात तोंडाशी न्यायची. "पाणी ना? आणते!" हात पुढं कुठं जातोय ते बघायच्या आत मंजुळा माठाकडे धावायची. आई नको नको म्हणून मान हलवायची. "मग औषध!" आणि चमचा तोंडात! आई दमून डोळे मिटून घ्यायची.

त्या बाजाराची एक रीत होती, बरं का. सलग तीन बाजार ज्याच्या पथारीवर भवानी, म्हणजे पहिली विक्रीच, झाली नाही, त्याची जागा दुसऱ्याला मिळायची. मंजुळाचे दोन बाजार कोरडे गेले होते. आज तिसरा. चिंचेखालची जागा गेली तर आईनं बरी होऊन बसायचं तरी कुठं?

वाटेत मोगऱ्याचा मळा लागला. तिथं विहिरीच्या काठावर बसून मंजुळा पोटभर रडली. रडून रडून गप्प झाली, तेव्हा तिला एक इवलासा आवाज ऐकू आला.

"अगं, कुणी आहे का? माझा पंख अडकलाय!"

मोगऱ्याच्या झुडपात कोळ्याच्या जाळ्यात एक परी अडकली होती. अंगठ्याएवढी! गुलबक्षीच्या फुलाचा गुलाबी झगा, चांदण्याचे इटुकले बूट आणि काचेसारखे लुकलुकते पंख. काच हाताळायची मंजुळाला सवयच होती. तिनं अलगद, अगदी अलगद एकेक धागा सोडवला.

"सकाळपासून हाका मारतेय," परी पंख झटकत म्हणाली. "शंभर माणसं गेली इथून. सगळी बोलत होती, मग ऐकणार कोण? हे घे."

तिनं टाळी वाजवली. मंजुळाच्या हातात तीन काकणं खळखळली. एक गुलाबी, एक निळं, एक सोनेरी.

"तीन काकणं, तीन इच्छा. पण एक अट आहे हं. समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं. मग तुला काय समजलं ते त्यालाच सांगायचं. त्यानं मनापासून 'हो' म्हटलं की काकण उजळेल, आणि मग इच्छा माग. मध्येच तोंड घातलंस तर काकण विझेल."

"एवढंच ना? सोप्पं आहे!" मंजुळा म्हणाली. परी नुसती हसली.

पथारी मांडते न मांडते तोच गोजराआजी आल्या. "बाळ, मला हिरव्या बांगड्या…"

"नातीचं लग्न ना, आजी? कळलं मला! आधी तुम्हीच भरा!" म्हणत मंजुळानं त्यांचा हात धरून बांगडी चढवायला सुरुवातही केली.

"आई गं! सोड, सोड! मनगट सुजलंय माझं. सैल हव्या होत्या, पण तू ऐकशील तर ना!" आजी हात चोळत निघून गेल्या. गुलाबी काकण विझून राखेसारखं झालं.

मंजुळाला भारी वाईट वाटलं. काकणाचं सोडा, आजीच्या डोळ्यांत तिच्यामुळं पाणी आलं होतं.

मग काशीमावशी कुंभारीण आली. मंजुळानं जीभ दातांत धरली. अगदी घट्ट!

"बाई, मला हौस फार बांगड्यांची," मावशी सांगू लागली. सांगता सांगता थांबली. मंजुळाच्या जिभेवर चार वाक्यं नाचत होती, पण ती गप्प बसली. मग मावशी हळूच म्हणाली, "पण त्या ओल्या माठावर घासतात गं. रेघा उठतात, आणि घरचे बोलतात."

"म्हणजे मावशी, तुम्हाला मोजक्याच हव्यात. गुळगुळीत, आणि हातावर खाली न सरकणाऱ्या. हौसही भागेल आणि माठही नीट राहील. असंच ना?"

"हो गं माझे बाई, अस्संच!" मावशीनं दोन निळ्या बांगड्या लगेच भरल्या. भवानी झाली! जागा राहिली! आणि हातातलं निळं काकण लख्खकन उजळलं.

काय मागावं? नवा झगा? लाडवांचा डबा? मंजुळानं डोळे मिटले. "गोजराआजींचं मनगट बरं होऊ दे."

थोड्याच वेळात आजी हात नाचवत परत आल्या. या वेळी मंजुळानं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना सैल हिरव्या बांगड्या भरल्या. आजींनी अख्ख्या बाजाराला ऐकवलं, "अगं बायांनो, इकडं या! ही पोर ऐकून घेते!" दुपारपर्यंत पाटी रिकामी.

संध्याकाळी मंजुळा पीठ, गूळ घेऊन घरी आली. सांगायला केवढं होतं! पण आईनं हात उचलला, तशी ती खाली बसली. हात आईच्या तोंडाशी गेला. मंजुळा जागची हलली नाही. मग तोच हात वळला, पुढं आला आणि मंजुळाच्या पोटावर येऊन थांबला.

मंजुळानं तो हात दोन्ही हातांत धरला. "आई, तू रोज हेच विचारत होतीस? मी जेवले का म्हणून?"

आईनं मान डोलावली. तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. सोनेरी काकण असं झळाळलं की घरभर ऊन पडलं.

"माझ्या आईचा आवाज परत येऊ दे," मंजुळा म्हणाली.

खिडकीत काचेचे पंख लुकलुकले. परी म्हणाली, "आता काकणांची गरज नाही तुला." मग लाल, हिरवा, जांभळा उजेड घरभर भिरभिरला आणि परी त्या उजेडातच दिसेनाशी झाली.

आईनं घसा खाकरला. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज घरात घुमला.

"आधी जेव, सोने."

आणि मंजुळा? एक शब्दही न बोलता ती गुळाबरोबर दोन भाकऱ्या जेवली. आई बोलत होती आणि ती ऐकत होती.