रिकामी फणी

फार पूर्वी गोदावरीकाठच्या एका गावात पैठण्या विणणारा एक म्हातारा राहत होता. घरात तो, रेशीम आणायला सदा परगावी जाणारा मुलगा आणि सून. माग मात्र एकच. सासरा आणि सून त्यावर आळीपाळीने बसत. सुनेच्या हातचे मोर असे उतरत, की पदराची उलटी बाजू कोणती आणि सुलटी कोणती, हे जाणकारालाही सांगता येत नसे. तिला एकच आस होती. आपला स्वतःचा माग असावा.

त्या घरात एक रीत होती. मागावरचा उभा धागा न् धागा ज्या चौकटीच्या दातांमधून येतो, तिला फणी म्हणतात. साडी पुरी झाली की ती फणीच्या अलीकडे कापायची. फणीत राहिलेली वीतभर टोके तशीच ठेवायची. पुढच्या साडीचा एकेक धागा त्या जुन्या टोकांना पिळून जोडायचा आणि हलकेच ओढून घ्यायचा. धागे अडीच हजार, प्रत्येकाची जागा ठरलेली. जुने टोक नव्या धाग्याला त्याची जागा दाखवी.

एकदा म्हातारा लेकीकडे गेला असताना मागावरची साडी पुरी झाली. ती पाटलीणबाईंची होती, आठ दिवसांवर आलेल्या घरच्या लग्नात नेसायची. त्या स्वतःच न्यायला आल्या.

"मोर तर जिवंत उतरलेत गं! पण पदराला गोंडे कुठायत?"

"गोंडे आम्ही सोडत नाही, बाई. ती टोकं मागाला लागतात."

"मागाला? माग काय लग्नात मिरवणार आहे?" पाटलीणबाई हसल्या. "हे बघ, वीतभर गोंडे सोड. पुढच्या वैशाखात माझ्या चार भाच्यांची लग्नं आहेत. चारही पैठण्या तुझ्याकडेच."

चार पैठण्या म्हणजे दुसरा माग. सुनेने फणीकडे पाहिले. टोकेच तर आहेत, पुन्हा ओवता येतील, असे म्हणून तिने फणीच्या पलीकडून कात्री चालवली. धागे सळसळत दातांतून निघून आले. गोंडे फार सुरेख झाले.

दुसऱ्या दिवशी ती नवे रेशीम घेऊन ओवायला बसली. काठाला धागे कुठे दुहेरी, कुठे एकेरी, कुठला दात मोकळा सोडायचा, यातले तिला काहीच ठाऊक नव्हते. तिने तीनदा ओवले आणि तीनदा काढले.

म्हातारा परत आला. त्याची नजर अधू झाली होती. त्याने फणीवरून हात फिरवला आणि तो मागापाशी बसला. मग बोटाने एकेक रिकामा दात मोजू लागला.

"चुकलं, मामंजी. ओरडा तरी माझ्यावर."

"ओरडलो तर मोजणी चुकेल," म्हातारा म्हणाला. "धागा घे. काठापासून. दोन, दोन, एक. आता एक दात सोड."

असे महिनाभर चालले. तो सांगे, ती ओवी. मधेच तो धाग्यांवर बोटे टेकवून म्हणे, "थांब. मागचा सातवा निसटलाय." ती मोजून पाही, तर सातवाच निसटलेला असे.

"तुमच्या बोटांना डोळे आहेत का हो, मामंजी?"

"वडिलांनी ही फणी भरली, तेव्हा मी धागे देत होतो. चुकलो की बोटांवर पट्टी बसायची. ती बोटं विसरतील होय?"

मधल्या काळात पाटलीणबाईंचा माणूस दोनदा येऊन गेला. रिकामा माग पाहून चारही पैठण्यांचे काम दुसऱ्या गावी गेले. पाटलांच्या घरच्या लग्नातली हकीकतही त्यानेच सांगितली. पंगतीत गोंड्यांवर सारखे पाय पडू लागले, तेव्हा बाईंनी वैतागून ते त्याच दिवशी कापून टाकले.

शेवटचा धागा दातातून आला, तेव्हा सुनेचे डोळे भरले. "माझ्या हावरटपणानं चार साड्या गेल्या."

"गेल्या खऱ्या. पण चूक तुझी एकटीची नाही," म्हातारा म्हणाला. "टोकं शाबूत होती, म्हणून ही ओवणी मी कुणाला शिकवलीच नाही. मी गेल्यावर ती टोकं उंदरानं कुरतडली असती, तर? सगळे बसला असतात एकमेकांची तोंडं बघत."

सून डोळे पुसता पुसता हसली. मग हळूच म्हणाली, "आता दुसरा माग काही होत नाही."

"दुसरा कशाला? ज्यानं फणी भरली, माग त्याचा. वडिलांनी भरली, तेव्हा आजोबा असेच उठले होते." म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्याने जागा मोकळी केली. "बस. आडव्या धाग्याचा पहिला धोटा तू टाक. मी कांड्यांवर रेशीम गुंडाळून देतो. म्हाताऱ्याला तेवढं जमतं अजून."

तात्पर्य: आधीच्यांनी राखलेले पुढच्या कामासाठी असते, एका दिवसाच्या मिरवण्यासाठी नव्हे, आणि ते नुसते जपून भागत नाही, ते कसे घडले हेही शिकून घ्यावे लागते.