पावसाने दिलेली ओढ

एकदा काय झालं, एका डोंगराच्या पायथ्याशी केरोबा बापूजी खुटवड नावाचे गृहस्थ राहत होते. वय वर्षे पंच्याहत्तर. शाळेची पायरी त्यांनी चढली नव्हती. अक्षरं स्वतःची स्वतः गिरवली होती. म्हणून कोणी चुकीचा शब्द बोललं, की घासात खडा आल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं.

आणि त्या काळी पावसाला कान होते, बरं का. माणसं जे म्हणत, ते तो शब्दशः खरं मानी.

एका आषाढात पाऊस आला नाही. लोक म्हणाले, "पावसानं दडी मारली." पावसाला वाटलं, लपंडाव चाललाय. तो डोंगरामागे जाऊन लपला. मग लोक म्हणाले, "पावसानं पाठ फिरवली." त्याने मुकाट्याने पाठ फिरवली. विहिरीचा तळ दिसू लागला.

मग केरोबा पारावर उभे राहिले. "दडी ससा मारतो. पाठ भावकी फिरवते. यास शुद्ध शब्द आहे अवर्षण, म्हणजे न बरसणे. म्हणा सर्वांनी."

गाव एका सुरात म्हणालं. पावसाने ती आज्ञा मानली आणि पहाटेचं दवसुद्धा आवरून नेलं.

मग विहीर आटली. लोक गाव सोडायला निघाले, दारोदार बैलगाड्या जुंपल्या. केरोबांची बायको हौसाबाई भांडी बांधता बांधता पुटपुटल्या, "काय ओढ दिलीय मेल्यानं."

डोंगरामागे पावसाने मान वळवली. कोणाला ओढ लागली आहे?

"ओढ देणे म्हणजे लांबणे," केरोबा म्हणाले. "येथे मायेचा अर्थ घेऊ नये."

पाऊस होता तिथेच थांबला.

"अहो, जन्मभर शब्द निवडलेत, आता हा एक खडा राहू द्या," हौसाबाई म्हणाल्या. "तुम्हांला नाही का त्याची ओढ?"

केरोबांनी कोरड्या पोहऱ्याकडे पाहिलं. घसा खाकरला. मग डोंगराकडे तोंड करून, चुकीचा अर्थ मनात धरून, स्पष्ट उच्चारात म्हणाले, "आहे. फार ओढ आहे."

मग पाऊस उठला आणि चालत चालत गावात आला. गाड्यांचे बैल सुटले. विहीर भरली, गाव राहिलं, सगळे सुखाने नांदले.

तेव्हापासून त्या गावात अवर्षण हा शब्द नुसता वाचतात, तोंडाने उच्चारत नाहीत. पाऊस लांबला, की ओढ दिली म्हणतात आणि दोन्ही अर्थांनी म्हणतात. केरोबा ते ऐकतात आणि दुरुस्त करत नाहीत.

चला, आता गोधडीत दडी मारा पाहू. तेवढी दडी चालते.