लावल्या वेळचं माप

एकदा एक वस्ताद होता. लोखंडाचा वस्ताद. गावाबाहेरच्या फाट्यावर त्याची वेल्डिंगची शेड होती आणि छोट्या ट्रॅक्टरच्या मागं जोडायची अवजारं तो बनवून द्यायचा. तोंडाचा फाटका, पण हाताचा सरळ. त्याच्यापाशी एक चेला होता. चेला म्हटलं की ऐकणाऱ्याला कोवळं पोर दिसतं. तसं काही नव्हतं, चेल्याच्या मिशीत पांढरे केस होते. तरी वस्ताद त्याला पोरा म्हणायचा आणि वेल्डिंग स्वतः करायचा. चेल्यानं पकडीत तुकडा धरायचा आणि तोंड फिरवून उभं राहायचं. आला त्या दिवसापासून हेच चाललं होतं.

एकदा शेडवर एक बागवाली बाई आली. अंजिराच्या बागेसाठी तिनं छोटा ट्रॅक्टर घेतला होता. त्याच्या मागं काय जोडायचं यावरून घरात रोज वाद. दीर म्हणे नांगर, विकणारा म्हणे रोटाव्हेटर, शेजारी म्हणे दोन्ही.

"एवढासा जीव त्याचा," बाई म्हणाली. "किती दागिने घालू त्याला? मला ओळींमधलं गवत काढायचंय आणि माती मोकळी करायचीय. बस."

"मग मोगडा पुरे," वस्ताद म्हणाला. मोगडा म्हणजे एक आडवी दांडी आणि तिला खाली लोखंडी दात. जमीन उकरतो, उलथत नाही.

त्या दिवशी वस्तादाचे डोळे सुजलेले होते. आदल्या दिवशी काचेशिवाय ठिणगीकडं बघितलं होतं, म्हातारपणी माणूस असले उद्योग करतो. तो चेल्याला म्हणाला, "पोरा, हे तू कर."

चेल्याच्या हातचं हे पहिलं अवजार. त्यानं बाईला विचारलं, दोन ओळींत अंतर किती. बाई म्हणाली, बारा फूट. चेल्याला धंद्याचा नियम ठाऊक होता. मागचं अवजार चाकांपेक्षा रुंद हवं, म्हणजे चाकानं दाबलेली माती दात परत उकरतात. बारा फुटांत जागाही भरपूर. त्यानं ऐसपैस पाच दातांचा मोगडा बनवला. जोड असे बसवले, की मुंग्यांची रांग चालल्यासारखे दिसावेत. वर तांबडा रंग दिला. रंग वाळेपर्यंत तो तिथून हलला नाही.

बाई मोगडा न्यायला येणार त्या दिवशी सकाळी वस्ताद शेडवर आला. मोगड्याभोवती एक चक्कर मारली. गॅस पेटवला आणि मोगड्याची दोन्ही टोकं दातांसकट कापून टाकली.

चेला बघत राहिला. मग त्यानं हातमोजे काढले आणि ऐरणीवर ठेवले.

"वस्ताद, मी चाललो."

"जा."

"का कापलंत ते तरी सांगा."

"सांगणार नाही. जायचंच आहे तर बाईच्या बागेतून जा." वस्तादानं कोपऱ्यातला बांबू उचलला आणि पुऱ्या मोगड्याच्या मापानं तोडला. "हा कमरेपाशी आडवा धर. ओळींतून एक फेरी मार. मग तुझी वाट तुला मोकळी."

सांगितलेलं करायची सवय वाईट असते. चेला रागातच गेला, पण बांबू घेऊन गेला.

बागेत फळ धरलेलं होतं. वजनानं फांद्या ओळीत उतरल्या होत्या. चेला आडवा बांबू धरून आत शिरला आणि चार पावलांत बांबूची दोन्ही टोकं फांद्यांत घुसली. अंजिरं टपटप खाली पडली.

बाई धावत आली. "अहो दादा, हे कसलं चालणं? फळं विकायचीत मला, चटणी नाही करायची."

"ताई, तुम्ही बारा फूट म्हणाला होता."

"मग बाराच आहे. लावलं तेव्हा मी स्वतः दोरी धरली होती."

चेला जागच्या जागी उभा राहिला. खोडापासून खोडापर्यंत बारा फूट होतंच. पण मधलं निम्म्याहून अधिक आता झाडाचं झालं होतं. त्यानं खाली बसून माती थोडी उकरली. फांदीच्या टोकाखाली वरवरच पांढऱ्या मुळ्या होत्या, दोऱ्यासारख्या. पुरा मोगडा इथून फिरला असता तर वर फांद्या मोडल्या असत्या आणि खाली मुळ्या तुटल्या असत्या. बाईचं पिकायला आलेलं फळ हिरवंच गळालं असतं.

वस्ताद मागोमाग आला होता. बांधावर बसला.

"ही बाई खोटं बोलली नाही," तो म्हणाला. "आपण सगळे असेच. जे लावलं त्याचं त्या दिवशीचं माप डोक्यात धरतो. झाड गप्प वाढत राहतं, आपलं माप जागचं हलत नाही. तुझा नियम उघड्या रानाचा. इथं चाकाचा माग राहिला तर राहू दे, पुढच्या पावसात तो भरेल. मुळी तुटली तर बाईचं वर्ष गेलं. अवजार ट्रॅक्टरला जुळतं का, हे नंतर बघायचं. आधी, जिथं ते चालणार तिथं आज काय उभं आहे ते बघायचं."

कथा इथं संपली असती. बहुतेक कथा इथं संपवतात, गुरू बोलला म्हणजे झालं. पण चेला हलला नाही.

"पटलं," तो म्हणाला. "माझं चुकलं. तुम्ही बाग कधी बघितलीत?"

"परवा. दाढी करून येताना."

"मग परवाच सांगता आलं असतं."

वस्तादानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"तुम्ही दोन दिवस रंग देऊ दिलात आणि मग कापलंत. वस्ताद, तुम्ही झाड बघायला आलात, मला बघायला कधी आलात? मी आलो तेव्हा मला पकड धरता येत नव्हती. तेच माप घेऊन तुम्ही अजून बसलाय."

बाई पडलेली अंजिरं पदरात वेचत होती. तिनं वर बघितलं आणि परत खाली बघितलं. वस्तादानं बांधावरची एक काडी उचलली, मोडली, टाकून दिली.

"चल," तो म्हणाला.

शेडवर आल्यावर चेल्यानं हातमोजे उचलले, पण घरी जायला नाही. कापलेली टोकं जमिनीवर पडली होती, ती त्यानं जवळ घेतली.

"ही फेकायची नाहीत," तो म्हणाला. "दांडीला पट्टी जोडतो, पट्टीला आणि टोकांना भोकं पाडून बोल्ट लावतो. फळ असेल तेव्हा बाई बोल्ट काढून टोकं बाजूला ठेवेल. छाटणी झाली की वर जागा मोकळी होते आणि मुळी तुटली तरी गळायला फळ नसतं, तेव्हा परत लावेल. झाड बदलतं तर अवजारानंही बदलावं."

वस्तादानं एक टोक उचलून उलटसुलट करून बघितलं. "हे मला सुचलं नाही," तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला बरंच गिळावं लागलं असणार.

चेल्यानं वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली आणि सवयीनं कोण धरतंय म्हणून बाजूला बघितलं. शेडमध्ये दोघांशिवाय कुणी नव्हतं. वस्तादानं पकड उचलली, पट्टी दांडीला टेकवून धरली आणि तोंड फिरवलं.

"हलवू नका," चेला म्हणाला.

"नाही हलवत," वस्ताद म्हणाला.

तुमच्याही घरात कुणीतरी बरीच वर्षं नुसती पकड धरून उभं असेल. त्याचं माप एकदा नव्यानं घ्या.