बाहीवरची हिरवी झाक

“गेला तो हिरा होता गं. राहिला तो… आहे आपला.”

एकदा एका कापडव्यापाऱ्याच्या घरी सासू आपल्या बहिणीशी हे बोलली, आणि ज्यांनी ऐकू नये अशा दोघांनी नेमकं ते ऐकलं. एक नवी सून; पोह्यांच्या बश्या उचलायला आलेली, दाराशीच थबकलेली. दुसरा तिच्या मागे भाजीची पिशवी घेऊन उभा असलेला तिचा नवरा. म्हणजे ‘राहिला तो’च. सुनेने वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. “पिशवी कुठे ठेवू?” एवढंच त्याने विचारलं. हे वाक्य तो आज पहिल्यांदा ऐकत नाही, हे तिला त्या शांतपणावरून कळलं. आणि वाक्यापेक्षा तो शांतपणाच तिला जास्त लागला.

थोरला साध्या तापाचं निमित्त होऊन गेला होता. त्याच्यासाठी मुली बघत होते, तोवरच गेला. घरात मृत्यू झाला की लग्नकार्य वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, या रिवाजापायी धाकट्याचं लग्न घाईने लागलं. ना वाजंत्री, ना वरात. सून त्या घरात आली ती पाऊल न वाजवता, एखाद्या आजाऱ्याच्या खोलीत यावं तशी. पुढे तिने पाहिलं, की दुकान धाकटा उघडतो, वडिलांची औषधं धाकटा आणतो, आईचे पाय धाकटा चेपतो. त्याच्यावाचून घराचं पान हलत नव्हतं, आणि तो मात्र कुणाला दिसत नव्हता.

त्या गावात एक वृद्ध छायाचित्रकार होते. सारा गाव त्यांना अण्णा म्हणे. संगणकावर फोटो सुधारण्याची विद्या सुनेची माहेरी अर्धवट राहिली होती. ती पुरी करायला ती दुपारची त्यांच्याकडे जाई. अण्णांचा धाक मोठा. फोटोतल्या माणसाच्या भुवईपाशी धुळीचा कण राहिला, तरी ते काम परत करायला लावत. “गिऱ्हाईक बघत नाही म्हणून आपणही बघायचं नाही होय?” असं वर विचारत.

वर्षश्राद्ध जवळ आलं, तसा सासूने एक फोटो तिच्यापुढे ठेवला. नातलगांच्या वास्तुशांतीला भर उन्हात, अंगणात काढलेला. मधोमध पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात थोरला. त्याला खेटून एका अंगाला हिरव्यागार साडीत आई, दुसऱ्या अंगाला हळदी रंगाच्या झब्ब्यात धाकटा. कडेला वडील.

“सूनबाई, हा मोठा करून आण. आणि हल्ली करतात ना, तसं कर. माझ्या निरंजनला तेवढा रंगात ठेव. बाकी सगळे काळेपांढरे.”

“हे पण?” सुनेच्या तोंडून नकळत गेलं.

“सगळेच गं. त्याच्यामागे आम्हाला कसला आलाय रंग!”

“बरं झालं, कारागीर घरातच आहे,” वर्तमानपत्रातून मान वर न करता सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुनेने थोरल्याची आकृती केसांपासून चपलांपर्यंत जपून कोरून घेतली आणि बाकीच्यांचा रंग उतरवायला लागली. सासरे राखाडी झाले, सासूबाई राखाडी झाल्या. धाकट्यापाशी तिचा हात जरा अडखळला. मग तोही विझला. स्वतःच्या नवऱ्याला एका टिचकीत विझवणारी आपण पहिलीच बायको असू, असं तिच्या मनात आलं. एरवी अशा विचाराचं तिला हसू आलं असतं.

काम संपलं, तेव्हा तिला डाग दिसले. थोरल्याच्या पांढऱ्या बाहीवर हिरवट काहीतरी, शेवाळ धरल्यासारखं. दुसऱ्या खांद्यावर पिवळट. ती ते काढायला लागली, तोच मागून अण्णांचा आवाज आला.

“थांब. पुसू नकोस. असाच छाप आणि घरी ने.”

“अण्णा, डाग आहे तो.”

“दिसतोय मला. म्हातारा झालोय, आंधळा नाही झालो.”

धुळीचा कण न खपवणाऱ्या माणसाने डागाळलेला फोटो घरी न्यायला लावावा, याचा अर्थ तिला लागेना. पण गुरूची आज्ञा. तिने तसाच छापून नेला.

सासूने फोटो उजेडात धरला, आणि तिचा चेहरा उतरला. “अगंबाई, हे शेवाळ कुठून आलं माझ्या लेकाच्या अंगावर?” पदराचं टोक ओलं करून ती डाग पुसू लागली. आधी हळुवार, मग जोराने. कागदावर चरा उठला, डाग गेला नाही. “परीटघडीचा सदरा होता, मी काढून दिला होता त्याला. तू बुरसटलेला करून आणलास.” आणि ती रडायला लागली.

“आई, उद्या नीट करून आणेल ती,” धाकटा म्हणाला.

“तू मध्ये बोलू नकोस.”

त्याने पाण्याचा तांब्या आईपुढे आणून ठेवला.

सुनेने दुसऱ्या दिवशी अण्णांच्या दुकानात पाऊल टाकताच विचारलं, “अण्णा, सासूबाई रडल्या. का पुसू दिलं नाहीत?”

अण्णांनी पडद्यावर मूळ फोटो उघडला. “इथे डाग दिसतो?”

“नाही.”

“आहे. तिथेच आहे, तेवढाच आहे. नीट बघ. पांढरं कापड उन्हात शेजारच्याचा रंग घेतं. ही हिरवी झाक त्याच्या आईच्या साडीची. ही पिवळी भावाच्या झब्ब्याची. पूर्वी आम्ही काळ्यापांढऱ्या फोटोंत कुंचल्याने रंग भरायचो. नवशिक्या ज्याला त्याला ज्याचा त्याचा रंग देई, आणि माणसं चिकटवलेल्या बाहुल्यांसारखी दिसत. माझे गुरू सांगत, लेकराच्या गालावर आईच्या साडीच्या रंगाचं एक बोट लाव, म्हणजे ती दोघं जवळ येतील. मुली, कुणाच्याही अंगावरचा रंग त्याच्या एकट्याचा नसतो. शोकाला वाटतं, गेलेल्याला उजळ ठेवायचं तर जिवंतांना विझवलं पाहिजे. पण जिवंत विझले, की त्यांनी गेलेल्याला जे दिलं, ते त्याच्या अंगावर डाग होऊन उरतं. मग तेही पुसावंसं वाटतं. आणि पुसलं, की उरतो तो कुणाचाच नसलेला एक मुलगा.”

सुनेने पडद्यावरच्या पिवळ्या झाकेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “तुम्हीच येऊन सांगा ना त्यांना.”

“मी दुकानदार. मी सांगितलं, तर त्या दुसरं दुकान बघतील,” अण्णा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

संध्याकाळी ती घरी आली. सासू वाटच बघत होती. सासरे शेजारी बसले होते. धाकटा दुकानातून नुकताच आला होता, दारात चपला काढत होता.

“निघाला का डाग?”

त्या घरात सुनेचे शब्द आजवर ‘हो’, ‘आणते’ आणि ‘झालं’ यांच्यापलीकडे फारसे गेले नव्हते. तिने मूळ फोटो आणि कालचा फोटो, दोन्ही सासूच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

“आई, तो डाग नाही. ही तुमची साडी आहे. तुम्ही दादांना खेटून उभ्या होतात, म्हणून त्यांच्या बाहीवर उतरली आहे. ही पिवळी ह्यांची. पुसणं अवघड नाही, मी आत्ता पुसून देईन. पण मग दादांच्या शेजारी कुणी उभंच नव्हतं, असं दिसेल.”

सासूचं बोट मूळ फोटोत थोरल्याच्या बाहीवरच्या हिरव्या झाकेवर गेलं. तिथून ते हळूहळू दुसऱ्या खांद्याकडे सरकलं आणि पिवळ्या झाकेपाशी थांबलं. धाकटा दारात हातात चप्पल धरून तसाच उभा होता.

“ह्यांचाही भाऊ गेलाय, आई,” सून म्हणाली.