मौनीबाबांची हरकत

"…मग आता तिसऱ्यांदा विचारतो, महाराज. मठामागचा झरा पाण्याच्या कारखान्याला द्यायला आपली काही हरकत आहे का?"

मौनीबाबा गप्प.

विश्वस्तांचे वकील सबनीस यांनी मोबाईलवरचं चित्रीकरण थांबवलं. "झालं! चार माणसांदेखत विचारलंय. कन्सेंट मिळाली."

बाबांचा पट्टशिष्य भानुदास यानं मान डोलावली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाबांचं काष्ठमौन होतं. बोलायचं नाही, लिहायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. मग मठाचा गाडा चालायचा कसा? तेव्हा भानुदासनंच रीत पाडली होती, बाबांपुढे विचारायचं आणि बाबा गप्प राहिले की आशीर्वाद समजायचा. तशा किती सोयरिकी जुळल्या! येत्या पौर्णिमेला बाबांचं तप पुरं व्हायचं होतं, आणि भानुदासची छाती आत्तापासूनच फुगली होती.

"वकीलसाहेब, काय मिळालं म्हनला?"

दारात धनगरवाड्यावरची ठकूबाई उभी होती, काखेत रिकामी घागर. वाड्याला या झऱ्यावाचून दुसरं पाणी नव्हतं.

"कन्सेंट. म्हणजे संमती."

"पन बाबा तर बोललंच न्हाईत."

"त्याला सायलेन्स म्हणतात, बाई. इथं दोन्ही एकच."

"एकच?" ठकूबाई भडकली. "माझ्या लग्नात बी असंच म्हनलं हुतं. पोरगी गप हाय, म्हंजी पसंत हाय. रडून रडून घसा बसला हुता माझा! कुनी इचारलं?"

"गप्प बस!" भानुदास खेकसला. "बाबांपुढं आवाज चढवतेस?"

"बसते की. मग म्हनाल, ठकूनं बी झरा दिला."



तेवढ्यात बाबांचा हात हलला.

भानुदासनं घाईघाईनं हात जोडले. "बाबा, नको! पौर्णिमा तोंडावर आलीय…"

बाबा उठले. ठकूबाईच्या काखेतली घागर त्यांनी काढून घेतली आणि वकिलांपुढे जाऊन उभे राहिले.

"आहे," ते म्हणाले. आवाज गंजलेल्या कडीसारखा करकरला. "हरकत आहे. चालू करा ते यंत्र."

वकिलांनी मुकाट्यानं मोबाईल वर धरला.

बाबांनी तेच पुन्हा सांगितलं आणि घागर घेऊन झऱ्याकडे निघाले.

भानुदास मागून धावला. त्याला रडू आवरेना. "काय केलंत हे, बाबा! एका तपाचं मौन… एका घागरीपायी मोडलंत!"

बाबा खाली वाकले. घागर बुडबुडत भरत राहिली.

"मौन होतं कुठं, भानुदासा? इतकी वर्षं तू बोलतच होतास की माझ्या तोंडानं."