गुणाजीच्या पाच चुली

खैरवाडी गावात गुणाजी नावाचा एक भोळा माणूस होता. सांगाल ते ध्यानात ठेवी. कुठं वापरायचं ते कुणी सांगत नसे, आणि तो विचारत नसे.

त्याचं लग्न झालं तेव्हा घरात लाकडाची चूल होती. बायको चांगुणा म्हणाली, "अवो, नुसतं बघता काय? चूल फुंकल्याबिगर पेटत नाही."

"ध्यानात ठेवलं," गुणाजी म्हणाला.

मग घरात रॉकेलचा स्टोव्ह आला. चांगुणानं तो पेटवला. गुणाजीनं गाल फुगवून फुंकर मारली. स्टोव्ह विझला. तिनं पुन्हा पेटवला, त्यानं पुन्हा फुंकला. शेवटी जाळ मिशीला लागला.

"फुंकता काय? ह्याला पंप मारायचा असतो, पंप!"

"ध्यानात ठेवलं."

पुढं गॅसची टाकी आली. गुणाजीनं तिला चहूबाजूंनी पाहिलं. पंप कुठं दिसेना. म्हणून नळी उपसून त्यानं तिथं सायकलचा पंप लावला. घरभर वास सुटला. चांगुणा धावत आली, टाकी बंद केली आणि नवऱ्याला मानगुटीला धरून अंगणात काढलं.

"वास आला की दारंखिडक्या सताड उघडायच्या आन् बाहेर पळायचं. कळलं?"

"ध्यानात ठेवलं."

मग विजेची शेगडी आली. चांगुणा तिच्यावर मटणाचा रस्सा ठेवून पाण्याला गेली. रस्सा रटरटला. वास आला. गुणाजीनं दारंखिडक्या सताड उघडल्या आणि माळावर पळाला. जाताना ओरडून सगळी आळी सोबत नेली. इकडं घरात कुत्री जेवली.

चांगुणा गाठोडं बांधून माहेरी गेली.

तिचा बाप खेमाजी कडक. त्यानं निरोप धाडला, "मी येऊन बघतो. माझ्या ताटात गरम भात पडला, तरच पोर नांदायला राहील."

गुणाजी रडकुंडीला आला. वीज तर पाहुणीसारखी, आली तर आली. अशात गावात सूर्यचुली वाटायला साहेब आला. हार झाले, फोटो झाले. धूर गेला, रॉकेल गेलं, आता देशाचा स्वयंपाक सूर्य करणार, असं साहेब सावलीत उभा राहून म्हणाला.

"साहेब, सूर्याचं बटण कुठं असतं?" गुणाजीनं विचारलं.

साहेब वैतागला. "बटण नसतं. काळं ते लवकर तापतं. भांड्याला बाहेरून काळं फासायचं, पेटीत ठेवायचं, वर काच घालायची, आरशानं ऊन पाडायचं. आणि आतलं शिजेपर्यंत काच काढायची नाही. कुणी काही म्हणो."

"ध्यानात ठेवलं."

ठरल्या दिवशी खेमाजी लेकीला घेऊन बैलगाडीनं आला. भात तयार होता. वाफाळता, मोकळा. खेमाजीनं ताट पुसून खाल्लं, ढेकर दिला आणि म्हणाला, "पोरी, गाठोडं उतरव." चांगुणा लाजली आणि घागर घेऊन पाण्याला गेली. गुणाजीचा ऊर भरून आला. जन्मात पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं.

जेवण झाल्यावर खेमाजी गाडीतल्या पेंढ्यावर आडवा झाला. पौषाचे दिवस होते.

"जावईबापू, हाडं गोठली बघा. काही तरी करून अंग तापवा," असं म्हणाला आणि घोरू लागला.

गुणाजीनं डोकं खाजवलं. मग जुन्या तव्याची काजळी तेलात कालवली आणि सासऱ्याला टाळूपासून टाचेपर्यंत रंगवलं. गाडी उन्हात ओढली. खिडक्यांची तावदानं काढून गाडीवर आडवी घातली. कडेनं विटा ठेवल्या आणि आरसा धरून बसला.

चांगुणा घागर घेऊन परतली. काचा वाफेनं धुरकट झाल्या होत्या. गाडी गदागदा हलत होती.

"अवो, बाबा कुठंयत?"

"गाडीत."

"अगं बाई! ते ओरडतायत की! काढा ती काच!"

गुणाजीनं तिचा हात घट्ट धरला.

"खुळी का काय! ओरडतायत म्हणजे अजून कच्चे आहेत."